खाली थांबलेला

३ जून

चिमे,

तुझी लेक माझ्या वर्गात तिसऱ्या रांगेत बसते आणि मला ‘सर’ म्हणते. हे तुला माहीत नव्हतं असं सांगू नकोस. पोलिसात भरती झालेल्या प्रत्येकाला याच प्रशिक्षण केंद्रातून जावं लागतं, आणि ‘कामावरची सुरक्षितता’ हा विषय सहा वर्षं मी शिकवतो आहे. निदान एक ओळ तरी टाकायचीस. हजेरी घेताना नाव वाचलं, मान वर केली, तर तुझ्या नवऱ्याचं कपाळ आणि तुझी हनुवटी एकत्र समोर उभी. माझी बोबडीच वळली. पुढच्या तिघांची नावं वाचायची राहिली आणि बिचारे गैरहजर लागले.

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. मागच्या वर्षी आई गेली तेव्हा तू आलीस, तिच्या पायाशी बसलीस, आणि माझ्याकडे न बघता परत गेलीस. ठीक आहे. मी काही मागायला लिहीत नाही. एवढंच सांगतो, तिला माझ्या वर्गातून काढ. दुसरी तुकडी सकाळची असते, तिला दुसरे सर शिकवतात. अर्ज तिनं करायला हवा, मी केला तर दहा प्रश्न विचारतील.

कारण सातवा धडा. केंद्राच्या पुस्तकात सातव्या धड्याचं नाव आहे ‘जिन्यावरची घटना’. नावं नाहीत त्यात. शिपाई क वर गेला, शिपाई ख खाली थांबला. पण तुझ्या लेकीला क कोण हे कळायला बाराखडी लागणार नाही. स्वतःच्या बापाची चूक तिनं चाळीस जणांसमोर फळ्यावर बघावी, असं तुला वाटतं का? मला वाटत नाही. मी इतकाही वाईट नाही.

आणि चूक म्हटलं म्हणून लगेच कागद चुरगाळू नकोस. चौकशीत जे झालं तेच म्हणतोय. तुझा नवरा, आमचा मास्तर, माझं न ऐकता एकटा वर गेला. मी खाली जमलेल्या लोकांना आवरत होतो. त्याचा वॉकीटॉकी जिन्यात पडून फुटला, त्यामुळे मला काही कळलं नाही. हे मी म्हणत नाही, त्यानं स्वतः जबाबात म्हटलंय. सही त्याची आहे.

तिला सांग.

दादा


२१ जून

चिमे,

तू सांगितलं नाहीस, किंवा सांगूनही तिनं ऐकलं नाही. हट्ट कुणाचा घेतलाय हे विचारायला नको.

काल सातवा धडा झाला.

मी फळ्यावर इमारत काढली, तीन मजले, जिना, खाली गाडी. दरवर्षी काढतो, डोळे मिटून काढता येते. तक्रार आली की तिसऱ्या मजल्यावर एक माणूस घरातलं सामान फोडतोय, हातात सुरा आहे. दुपारचे तीन. दोन शिपाई पोचले. क घाईनं वर गेला. दारासमोर उभं न राहता बाजूला उभा राहिला, दार वाजवलं, इथपर्यंत सगळं बरोबर. पण तो माणूस घरात नव्हताच, तो गच्चीकडे जाणाऱ्या जिन्यात बसला होता. तो मागून आला. क च्या मानेवर वार. स्वरतंतू तुटले. क जगला, नोकरीतून बाहेर पडला. तात्पर्य, सोबत्याशिवाय पुढे जाऊ नये.

हे सांगताना मी खिडकीकडे बघत होतो. तिच्याकडे बघितलं असतं तर बरं झालं असतं, निदान कळलं असतं. धड्याच्या शेवटी पुस्तकात प्रश्न आहे, चूक कोणाची? मी कुणालाच विचारणार नव्हतो. तिनंच हात वर केला. उभी राहिली, पाठ ताठ.

“वर गेलेल्याची, सर.”

“बरोबर,” मी म्हणालो. “बसा.”

मी तिला ‘बसा’ म्हणालो, चिमे. जिला मी दोन्ही खांद्यांवर आलटून पालटून बसवून फिरवलंय. बसली ती. वहीत काहीतरी लिहिलं. काय लिहिलं देव जाणे.

घरी येऊन चहा केला आणि तसाच ओतून दिला. तू म्हणशील, नाटकं. असतील. माझ्या घरात आता नाटक बघायलाही कुणी नाही.

एक गोष्ट दुरुस्त करतो. मागच्या पत्रात लिहिलं की मी लोकांना आवरत होतो. लोक फारसे नव्हते. दोन बायका आणि एक म्हातारा होता, आणि ते समोरच्या फुटपाथवर होते. त्यांना आवरायची गरज नव्हती. मी गाडीत बसलो होतो.

बस, एवढंच.

दादा


१४ जुलै

चिमे,

आज सराव होता. मैदानाच्या मागे केंद्रानं एक खोटी इमारत बांधली आहे. भिंती, जिने, दारं सगळं आहे, फक्त राहायला कुणी नाही. जोडीजोडीनं पाठवतात. एक वर जातो, एक खाली. वर आमचाच एक शिक्षक लपलेला असतो, त्याच्या हातात लाल रंगाची कांडी. कांडी लागली की गप्प खाली बसायचं, मेलेल्यानं बोलायचं नसतं. आणि मी कंट्रोल रूम होऊन मैदानात उभा. दर पाच मिनिटांनी वॉकीटॉकीवर विचारायचं, “स्थिती?” खालच्यानं दोघांच्या वतीनं उत्तर द्यायचं.

तुला ही पद्धत माहीत आहे. मास्तर जेवताना तेच पुराण लावायचा. नियम असा की खालच्यानं वरच्याला डोळ्यांनी बघायचं आणि मगच “दोघेही ठीक” म्हणायचं. पण सगळ्या ठाण्यांत काय चालतं? कंट्रोलनं विचारलं की खालचा आहे तिथून म्हणतो, दोघेही ठीक. तोंडात चहा असला तरी म्हणतो. दर पाच मिनिटांनी कोण जिने चढणार! मास्तर एकटाच चढायचा. खाली थांबायची पाळी त्याची असली की धापा टाकत वर येऊन तोंड दाखवायचा आणि मग उत्तर द्यायचा. ‘मास्तर’ हे नाव मीच पाडलं होतं. सगळे हसायचे. मी सगळ्यांत जास्त.

तुझी लेक वर गेली. खाली तिचा जोडीदार, एक उंच पोरगा, त्याला सगळे लंबू म्हणतात. चांगला आहे पोरगा, पळण्यात पहिला. मी विचारलं, “स्थिती?” लंबू म्हणाला, “दोघेही ठीक.” पाच मिनिटांनी परत. “दोघेही ठीक.” मी मैदानातून त्याला बघत होतो. पहिल्या पायरीवर बसून बुटाची नाडी बांधत होता.

ती खाली आली तेव्हा कानाच्या खालपासून गळ्यापर्यंत लाल रेघ होती. रंगच तो, माहीत आहे मला रंग आहे ते. तरी मी पळत जिन्याशी गेलो. लंबूवर ओरडलो, इतका की पलीकडच्या मैदानातली कवायत थांबली. “वर बघितलंस का? कुणाला विचारून ठीक म्हणालास?”

पोरगा गोंधळला. म्हणाला, “सर, खालच्यानं वर जाऊन बघायचं, असं सातव्या धड्यात कुठे आहे? त्यात तर चूक वरच्याची आहे.”

बरोबर बोलला गं तो. कुठे आहे? मी शिकवलंच नाही. धडा माझ्याच जबाबावरून लिहिलाय, त्यात ते येणार कसं?

ती रुमालानं मान पुसत होती. पुसता पुसता माझ्याकडे बघत होती. मग म्हणाली, “सर, पुढची जोडी पाठवू?”

मी सराव बंद केला. डोकं दुखतंय म्हणालो. भेकड आहे मी, हे तुझ्या तोंडून ऐकायला आवडणार नाही म्हणून स्वतःच लिहितो.

दादा


१५ जुलै

चिमे,

कालचं पत्र टाकून आलो आणि बसवेना. आता सगळं लिहितो. मध्ये थांबलो तर परत खोटं लिहीन, म्हणून एका दमात लिहितोय. अक्षर लागलं नाही तर लेकीला वाचायला दे. नको, देऊ नकोस. दे.

त्या दिवशी सकाळीच आमचं वाजलं होतं. मी सुरक्षा जाकीट घातलं नव्हतं, मागच्या सीटवर टाकलं होतं. उकडतं त्यात. मास्तर म्हणाला, “तू असाच वागणार असशील तर मी साहेबांना सांगून जोडी बदलून घेतो.” माझं डोकंच फिरलं. याला नोकरीत मी आणलं, याच्याशी बहिणीचं लग्न मी जमवलं, आणि हा माझी चुगली करणार! मी त्याला नाही नाही ते बोललो. तुझ्यावरूनही बोललो. ते इथे लिहीत नाही, त्यानं तुला सांगितलं नसेल तर माझ्याकडून कळायला नको.

मग तीन वाजता ती तक्रार आली. इमारतीखाली गाडी थांबवली. हातात सुरा असलेला माणूस म्हटल्यावर नियमानं दोघांनी वर जायचं होतं. मी म्हणालो, “तू जा. तुझं पुस्तक आहे ना सोबतीला.” तो माझ्या खिडकीशी आला. रागावला नव्हता, चिमे. म्हणाला, “बरं, वर नको येऊस. पण गाडीत नको बसू. जिन्याच्या तोंडाशी उभा राहा. तिथून गच्चीपर्यंत दिसतं.”

मी काच वर केली.

जिन्याच्या तोंडाशी उभा असतो तर वर बसलेला माणूस मला दिसला असता. ओरडलो असतो. बाकी काही शूरपणा करायची गरज नव्हती, नुसतं ओरडायचं होतं.

पहिल्यांदा कंट्रोलनं विचारलं, मी म्हणालो दोघेही ठीक. दुसऱ्यांदाही म्हणालो. तिसऱ्यांदा विचारायच्या आधी वॉकीटॉकीवर नुसती खरखर यायला लागली. कुणीतरी बटण दाबून धरलंय आणि बोलत नाहीये, तशी. आम्ही ठाण्यात एकमेकांना त्रास द्यायला तसं करायचो. मला वाटलं, मास्तर मला जाब विचारतोय, मी जिन्याशी का नाही म्हणून. मी म्हणालो, आणि हे कंट्रोलनं आणि त्या भागातल्या सगळ्या गाड्यांनी ऐकलंय, मी म्हणालो, “मास्तर, बटण सोड. शिकवणी नंतर घे.” कुणीतरी हसलं.

खरखर थांबली. मग कंट्रोलनं विचारलं आणि मी म्हणालो, दोघेही ठीक. मग चौथ्यांदा.

वॉकीटॉकी त्याच्या खांद्याला होता. जिन्यात पडून फुटला तो नंतर, त्याला उचलून खाली आणताना. तोवर तो चालू होता. गळा कापलेला माणूस पायरीवर पडून ऐकत होता की तो ठीक आहे. कोण सांगत होतं? बायकोचा भाऊ.

फुटपाथवरच्या त्या दोन बायकांपैकी एक वर गेली होती म्हणून सापडला. ती किंचाळत खाली आली आणि गाडीच्या काचेवर हात आपटले. मी आधी तिलाच म्हणालो, “बाजूला व्हा.”

चौकशीत मी सांगितलं, मी थांब म्हणत होतो, तो गेला. मला वाटलं होतं मास्तर शुद्धीवर आला की मला उघडं पाडेल. पाडलं नाही. त्यालाच दोषी ठरवलं आणि मला इथे पाठवलं. कशाला, तर प्रसंगावधान राखलं म्हणून! मी हसावं की रडावं? मी दोन्ही केलं नाही, सामान बांधलं. आता तो ग्रंथालयात पुस्तकं लावतो असं ऐकलं. तिथे तसंही बोलायचं नसतं, असा विनोद ठाण्यात कुणीतरी केला तेव्हा मी त्याच्या मुस्काटात मारायला हवी होती. मान खाली घालून चहा पीत राहिलो.

मी उद्या वर्गात सांगणार आहे.

दादा


२ ऑगस्ट

चिमे,

सांगितलं. फळ्यावर ती इमारत पुन्हा काढली. क आणि ख पुसून टाकलं आणि म्हणालो, खाली थांबलेला शिपाई मी. चूक माझी. तुम्ही सातव्या धड्याखाली हे लिहून घ्या, वरच्याला स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय तोंडातून शब्द काढायचा नाही. लंबूनं लिहून घेतलं, खाली दोन रेघा ओढल्या. तुझी लेक लिहीत नव्हती. पेन हातात होतं, टोपण लावलेलं. तास संपल्यावर सगळ्यांबरोबर उठली आणि गेली.

लेखी जबाब घेऊन प्राचार्यांकडे गेलो. त्यांनी वाचला, चष्मा काढला.

“निवृत्तीला किती राहिली?”

“दोन वर्षं.”

“मग हे आता कशाला उकरताय? बारा तुकड्या हा धडा शिकून बाहेर पडल्या. त्यांना काय कळवायचं, धडा खोटा होता?”

“हो,” मी म्हणालो. “तेच कळवायचं.”

“आणि पुढची पोरं? खालचा खोटं बोलतो असं शिकवलं तर वर चढेल का कुणी?” जबाब खणात टाकला आणि घंटा वाजवून दुसऱ्याला आत बोलावलं. नीट वागणारा माणूस आहे, दार उघडून धरलं माझ्यासाठी.

मी दुसरी प्रत थेट आयुक्तांना पाठवली. चार दिवसांत माझे तास काढून घेतले. धडा आहे तसाच आहे, सकाळच्या तुकडीचे सर शिकवतात. चौकशी पुन्हा उघडायची की नाही, यावर ‘विचार चालू’ आहे. तो चालूच राहील.

तुला वाटत असेल, लेक आली म्हणून दादाला पाझर फुटला. पाझर वगैरे काही नाही. तिच्या गळ्यावर ती रेघ बघितली आणि झोप उडाली, एवढंच. परक्याच्या पोरीच्या गळ्यावर बघितली असती तर झोपलो असतो. सहा वर्षं दर सरावात बघत होतोच की.

दादा


२७ ऑगस्ट

चिमे,

आज सकाळी ती घरी आली. दार वाजलं, उघडलं तर समोर कुणी नाही. बाजूला उभी होती, भिंतीला खांदा लावून, शिकवल्याप्रमाणे. गणवेश होता. आत ये म्हणालो तर आली, पण बसली नाही. तुझ्यासारखीच.

मी म्हणालो, “आईला मी पत्रं पाठवली.”

“माहीत आहे. सगळी उघडून वाचलीयेत तिनं.”

“आता तरी तिला खरं कळलं.”

ती म्हणाली, “आईला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. बाबांना बोलता येत नव्हतं, त्यांनी दवाखान्यात कागदावर सगळं लिहून दिलं होतं, जबाबासाठी. आईनं तो कागद फाडला.”

मला कळेना. “का?” मी विचारलं.

“आजी तुमच्याकडे राहत होती ना. आई म्हणाली, दादाची नोकरी गेली तर आजीचं काय? तिनं बाबांना सांगितलं, आत्ता तुम्ही तुमच्यावर घ्या. तो गप्प बसणार नाही, माझा भाऊ आहे. दोन-चार दिवसांत स्वतःच जाऊन सांगेल.”

दोन-चार दिवस, चिमे.

म्हणजे माझं तीन जूनचं पत्र तू वाचलंस तेव्हा तुला सगळं माहीत होतं. लोकांना आवरत होतो, हे वाचताना तुझा चेहरा कसा झाला असेल? आई गेली त्या दिवशी तू माझ्याकडे बघितलं नाहीस असं मी लिहिलं. आई गेली, आता तरी सांगेल, असं वाटून तू बसली होतीस का तिथे? तासभर बसली होतीस. मी तुला पाणी आणून दिलं आणि ‘प्रवास बरा झाला का’ असं विचारलं. थू माझ्यावर.

मी तिला म्हणालो, “मला चार शिव्या दे. जीव हलका होईल.”

“कुणाचा?” ती म्हणाली.

मग तिनं सांगितलं की नेमणूक झाली, सोमवारपासून रुजू. ठाणं मोठं आहे, भाग वाईट आहे, हे मला सांगायला नको होतं. मी बडबडायला लागलो. जाकीट काढू नकोस, कितीही उकडू दे. दारासमोर उभी राहू नकोस. दारावर लक्ष असताना मागचा जिना विसरू नकोस. ती ऐकून घेत होती, मध्ये मान हलवत होती. पोरीनं मला तेवढं बोलू दिलं. शेवटी मी विचारलं, “आणि जोडीदार? तू वर गेलीस की खाली कोण असणार?”

“अजून ठरलं नाही. तिथे चौदा जण आहेत.” तिनं टोपी डोक्यावर नीट बसवली. “मी विचारून घेतलं. चौदाही जण तुमच्याकडून शिकून गेलेत.”

ती गेली. प्रत्येकाला खरा सातवा धडा कळवायचा म्हणून मी केंद्राच्या कार्यालयात जाऊन जुन्या बाराही तुकड्यांची यादी मागितली. कारकून म्हणाला, अर्ज करा. अर्ज करून आलोय. पाचशेच्या आसपास नावं आहेत, त्यातली चौदा आधी काढून देतो म्हणाला, पण साहेबांची सही लागेल आणि साहेब रजेवर आहेत. मंगळवारी येतात.

तुझी लेक सोमवारी वर चढणार आहे.

दादा